आधी माप, मग छायाचित्र

जालन्याच्या छापखान्यांत, स्मरणिका-समित्यांच्या बैठकांत आणि लग्नसराईच्या दिवसांत पत्रिका ठरविण्यासाठी दुकानाच्या बाकावर दाटीवाटीने बसलेल्या मंडळींच्या तोंडी गेली कित्येक वर्षे एकच वाक्य मी ऐकत आलो आहे, आणि आता त्याचा लेखी प्रतिवाद केल्याशिवाय माझ्याने राहवत नाही. ते वाक्य असे: ‘मोबाइलवर तर फोटो एकदम क्लिअर दिसतो!’ या सहा शब्दांत एक संपूर्ण मतप्रणाली सामावलेली आहे. तिचे म्हणणे असे की, जे पडद्यावर स्वच्छ दिसते ते कागदावरही स्वच्छच उमटले पाहिजे. न उमटल्यास कसूर छापखान्याची, शाईची किंवा कागदाची. छायाचित्राचे माप आणि त्याची घनता हा संगणकावर बसणाऱ्या मुलाने एक आकडा भरून निस्तरावयाचा किरकोळ मामला. त्यातूनही काही उणे राहिले तर हल्ली यंत्रे स्वतःच चित्र दुरुस्त करून देतात. आणि शेवटी, तालुक्याच्या गावी एवढे बारकाईने पाहतो कोण? अशिक्षित माणसाने हे म्हटले असते तर मी त्याला शेजारी बसवून समजावले असते. परंतु हे बोलतात ते प्राध्यापक, वकील, संस्थांचे चिटणीस आणि ग्रंथांचे संपादक. अर्ध्या गुंठ्याच्या फरकासाठी शेताची मोजणी पुन्हा मागविणारी ही माणसे छायाचित्राच्या बाबतीत मोजमाप या गोष्टीलाच तुच्छ लेखतात, याचा मला संताप येतो.

प्रथम त्या मोबाइलचाच दाखला तपासू. सर्वसाधारण मोबाइलच्या पडद्याची रुंदी पावणेतीन इंचांच्या आसपास असते, आणि तेवढ्याशा जागेत पुष्कळदा १०८० पिक्सेल, म्हणजे इंचाला सुमारे ४००, खेटून बसविलेले असतात. मागून प्रकाश येत असतो, काच गुळगुळीत असते, चित्र तळहाताएवढे असते. ते स्वच्छ न दिसेल तरच नवल. पण त्याच १०८० पिक्सेलांना कागदावर इंचाला ३०० या प्रमाणाने बसविले तर रुंदी भरते ३.६ इंच. डेमी आकाराच्या पुस्तकाचे पान साडेपाच इंच रुंद असते, ए-फोर कागद ८.२७ इंच. ज्या चित्राने पावणेतीन इंचांत तुमचे डोळे निवविले, तेच चित्र मुखपृष्ठभर पसरा असा हुकूम तुम्ही सोडता, तेव्हा मधली जागा कशाने भरावी अशी तुमची अपेक्षा आहे?

हे गणित जालन्याच्या माणसाला कळू नये ही गोष्ट मला सर्वांत अधिक खटकते. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी या गावात बियाण्यांचा उद्योग उभा केला, पुढे १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि बियाण्यांचे गाव म्हणून जालन्याचे नाव देशभर झाले. येथल्या शेतकऱ्याला कपाशीचे पाकीट एका एकराच्या हिशेबाने भरलेले असते हे सांगावे लागत नाही. तेच पाकीट चार एकरांत टोकले तर काय उभे राहील, हे तो डोळे मिटून सांगेल. छायाचित्रातील पिक्सेल हे त्या पाकिटातले बियाणे होय, कागदावरचे इंच ही जमीन होय, आणि ज्याला आपण रेझोल्यूशन म्हणतो ती केवळ पेरणीची दाटी होय. चित्राची लांबी आणि रुंदी दुप्पट केली की क्षेत्र चौपट होते आणि दाटी चौथाईवर येते. धंद्यातली मुले याला ‘फोटो फाटला’ म्हणतात, आणि हा शब्द अगदी यथार्थ आहे: वस्त्र ताणावे तसे चित्र ताणले जाते, आणि विणीच्या जागी भोके दिसू लागतात. सबब, ‘फोटो चांगला आहे का?’ हा प्रश्न मुद्रणाच्या दृष्टीने अपुरा आहे. किती इंचांसाठी चांगला, एवढे त्यात जोडल्याशिवाय त्याला उत्तरच नाही.

यावर दुसरी कैफियत तत्काळ पुढे येते: ‘मग ३०० डीपीआय करून टाका ना!’ या वाक्यामागची समजूत अशी की, संगणकाच्या एका चौकटीत ७२ च्या जागी ३०० लिहिले म्हणजे चित्रात नवा प्राण संचरतो. सातबाऱ्यावर दोन एकरांच्या जागी आठ एकर लिहिल्याने शिवारात सहा एकर जमीन नव्याने उगवते काय? फाइलीत लिहिलेला तो आकडा ही केवळ एक नोंद आहे. पिक्सेलांची संख्या कायम ठेवून तो बदलला, तर चित्र कागदावर तेवढे लहान होते, याखेरीज तिळमात्र फरक पडत नाही. १६०० पिक्सेल रुंदीचे चित्र ७२ लिहिले असता २२ इंच आणि ३०० लिहिले असता ५.३ इंच रुंद, पण पिक्सेल तेच १६००. आणि माप कायम ठेवून आकडा वाढविला, तर संगणक दोन खऱ्या पिक्सेलांच्या मध्ये त्यांच्या सरासरीचे खोटे पिक्सेल भरतो. फाइल फुगते, ती पाठवावयास वेळ लागतो, पाहणाऱ्याला काम झाल्यासारखे वाटते. पापणीचा केस मात्र एकही वाढत नाही.

शिवाय हा ३०० चा आकडा आला कोठून, हेही या मंडळींनी कधी विचारलेले नाही. ऑफसेट यंत्राला करडा रंग छापताच येत नाही. त्या जागी काळी शाई लागते किंवा लागत नाही, एवढेच त्याला ठाऊक असते. फिकट छटा लहान ठिपक्यांनी आणि गडद छटा मोठ्या ठिपक्यांनी भासवावयाची, ही हाफटोनची युक्ती. कलकत्त्यात उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी त्या जाळीचे गणित खोलात जाऊन मांडले, आणि त्यांचे लेख इंग्लंडच्या ‘पेनरोज’ वार्षिकात छापले गेले, त्याला आता शतक उलटून गेले. गुळगुळीत आर्ट पेपरवर इंचाला दीडशे ओळींची जाळी शोभते, आणि प्रत्येक ओळीला दोन पिक्सेल मिळावेत या शिरस्त्याने १५० दुणे ३०० झाले. वृत्तपत्राच्या खरबरीत कागदावर ८५ ते १०० ओळींची जाळी असते, तेथे १७० ते २०० पुरतात. उलट, सही, शिक्का, जुन्या सनदेतील मोडी अक्षर किंवा रेषाचित्र असेल तर तेथे करडेपणाचा आसरा नसतो, प्रत्येक रेषेची कड उघडी पडते, आणि तेथे १२०० ची मागणी रास्त ठरते. म्हणजे एकच आकडा सर्वत्र लावणारा आणि कोणताच आकडा न लावणारा हे दोघेही सारखेच न मोजणारे.

माझ्या म्हणण्याला उत्तर म्हणून गावातल्या गांधी चमनच्या किंवा अंबड चौफुलीच्या फ्लेक्सकडे बोट दाखविले जाते: ‘तो बघा, वीस फुटांचा आहे, व्हॉट्सॲपवरच्या फोटोवरून केलेला आहे, आणि चेहरा ओळखू येतो!’ येतो खरा. पण तो कशामुळे, हे जाणून न घेता त्याचा दाखला पुस्तकाच्या पानाला लावणे हा न्याय नव्हे. निरोगी डोळ्याला सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढाच भेद करता येतो. पुस्तक आपण फूटभर अंतरावर धरतो. त्या अंतरावर हा हिशेब इंचाला सुमारे २८६ वर येतो, आणि तेथेही तीनशेच्या आकड्याची रुजुवात होते. तोच फ्लेक्स वीस फुटांवरून पाहिला तर इंचाला सुमारे १४ पिक्सेलांपलीकडचे डोळ्याला कळतच नाही. म्हणून दहा बाय वीस फुटांच्या फ्लेक्सला ३०० ची सक्ती करणारा आरेखक ३६,००० बाय ७२,००० म्हणजे २५९ कोटी पिक्सेलांची फाइल करून यंत्राचा गळा दाबतो. ५० ने केली असती तर ७ कोटी २० लाखांत काम भागले असते. चौकात रस्त्यापलीकडून पाहावयाची वस्तू आणि मांडीवर घेऊन पाहावयाची वस्तू यांचे माप एक कसे असेल? फ्लेक्स चालतो तो अंतराच्या कृपेने. स्मरणिकेच्या पानाला आणि वाचकाच्या डोळ्याला ते अंतर आपण कोठून आणून देणार?

छापखान्यावर ठपका ठेवण्याच्या वहिवाटीबद्दल मी थोडक्यातच बोलतो. वाईट छपाई असते, प्लेट चुकते, चार रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत, स्वस्त मॅपलिथो कागद शाई पितो. हे दोष आम्हां मुद्रकांचे, आणि त्यांचा जाब आम्हांला जरूर विचारावा. परंतु वीस जणांच्या समूहचित्रातून एक चेहरा कापून तो दोन इंच रुंद छापण्यास सांगितल्यावर त्या चेहऱ्याच्या वाट्याला १६०० पैकी चाळीस पिक्सेल आलेले असतील, तर जर्मनीचे यंत्र आणि जपानची शाई आणूनही त्या चाळिसांचे एकेचाळीस होणार नाहीत.

व्हॉट्सॲपचाही येथे खुलासा करणे प्राप्त आहे, कारण आमच्याकडे येणारी बहुतेक सर्व छायाचित्रे त्याच वाटेने येतात. साध्या रीतीने पाठविलेल्या चित्राची लांब बाजू ते साधारणपणे १६०० पिक्सेलांच्या आसपास आणून ठेवते, आणि शिवाय चित्र आवळून लहान करते; त्या आवळण्यात गालांवर आणि आकाशावर जे बारीक चौकोन उमटतात ते आठ बाय आठ पिक्सेलांचे असतात, आणि चित्र मोठे केले की तेही मोठे होतात. तेच चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविले तर जसेच्या तसे पोहोचते. ही तजवीज करण्यास दोन बोटांची हालचाल पुरते. एवढी तसदी न घेणारा मनुष्य पुढे छापखान्याच्या दारात उभा राहून आठ दिवस हुज्जत घालतो, हे मी प्रत्यक्ष भोगले आहे.

आता त्या शेवटच्या आणि माझ्या मते सर्वांत हीन युक्तिवादाकडे वळतो: ‘आपल्याकडे कोण बघतो?’ जालना जिल्हा १९८१ साली निर्माण झाला, त्याच सुमारास मी ट्रेडल यंत्रावर पाय मारू लागलो. त्या वेळी छायाचित्र छापावयाचे तर ब्लॉक करून आणण्यासाठी माणूस तेव्हाच्या औरंगाबादला पाठवावा लागे. ब्लॉकची आकारणी चौरस इंचावर होई आणि जस्ताचा पत्रा एकदा कोरला की तो ताणता येत नसे. म्हणून मालक प्रत्येक छायाचित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने आधी रुंदी लिहीत, खाली जाळी लिहीत, वृत्तपत्राच्या कागदासाठी ६५ आणि आर्ट पेपरसाठी १२०, आणि मगच लखोटा बंद करीत. सातवी पास झालेला तो गृहस्थ मापाआधी चित्राला हात लावीत नसे. त्याच्याकडे पाहणारे कोण होते? तेच तालुक्याचे वाचक, जे आज आहेत.

याच जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब येथे १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांनी ‘दासबोधा’त एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास केवळ लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर वाटोळे व मोकळे असावे, ओळी सारख्या असाव्यात, कडेचा समास राखावा, कागद आणि शाई नीट सिद्ध करून घ्यावी, आणि आरंभीच्या अक्षराचे वळण ग्रंथ संपेपर्यंत टिकावे, इतक्या बारकाईने तो लिहिला आहे. परमार्थाच्या ग्रंथात हा विषय त्यांना क्षुद्र वाटला नाही, कारण जी गोष्ट दुसऱ्याच्या हाती वाचण्यासाठी द्यावयाची तिच्यात हलगर्जी करणे म्हणजे त्या वाचणाऱ्याची अवज्ञा करणे, हे त्यांना दिसत होते. आजही आमच्या औद्योगिक वसाहतीत १२ मिलिमीटरची सळई मीटरला ८८८ ग्रॅम भरली पाहिजे हे हमालालाही पाठ असते, आणि वजनात तूट आली तर ट्रक परत जातो. लोखंडाच्या बाबतीत जालना पाहतो, बियाण्याच्या बाबतीत पाहतो, मोसंबीच्या बाबतीत तर फळ हातात घेऊन उन्हात फिरवून पाहतो. मग आपल्याच वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्याच्या बाबतीत तो आंधळा आहे, असे ठरविण्याचा मुखत्यारनामा या समित्यांना कोणी दिला?

राहता राहिला यंत्राकरवी चित्र दुरुस्त करण्याचा प्रश्न, आणि तेथे मला एक हकिकत सांगणे भाग आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी मराठवाड्याच्या मुक्तीला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने जिल्ह्यातील एका संस्थेने स्वातंत्र्यसैनिकांची स्मरणिका काढली. छपाई दुसरीकडे व्हावयाची होती, माझ्याकडे केवळ मुद्रिते तपासण्याचे काम होते. एका खेड्यातील दिवंगत सैनिकाचे एकुलते एक छायाचित्र त्यांच्या वृद्ध कन्येजवळ होते: सन्मान निवृत्तिवेतनाच्या अर्जासाठी काढलेल्या पासपोर्ट फोटोची उरलेली प्रत, साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटर. समितीच्या एका उत्साही तरुणाने बाजेवर ठेवून, दिव्याच्या उजेडात, मोबाइलने त्याचा तिरपा फोटो काढला. तो व्हॉट्सॲपने गेला, तेथे कोणी त्याचा स्क्रीनशॉट घेतला, त्यातून चेहरा कापला. शेवटी चेहऱ्याला दोनशे पिक्सेलही उरले नव्हते, आणि तो पानावर चार इंच रुंद बसवावयाचा होता. मी मुद्रितावर लाल खूण केली. त्यावर ‘एआयने ठीक करून घेतो’ असे उत्तर आले, आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच एक लखलखीत चेहरा आला. डोळे पाणीदार, कातडी तुकतुकीत, मिशांचा केस न् केस वेगळा. समितीने टाळ्या वाजविल्या.

मुद्रित घेऊन मी त्या बाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, कागद खिडकीशी नेला, बराच वेळ पाहिला, आणि म्हणाल्या, ‘फोटो लय साफ आलाय, भाऊ. पण हे आमचे बापू नव्हंत.’

यंत्राने दुरुस्त केले म्हणजे काय केले, याचा विचार या तंत्राचे भक्त करीत नाहीत. त्या दोनशे पिक्सेलांत जे नव्हते ते यंत्राला ठाऊक असण्याचा काही मार्गच नव्हता. त्याने जगातल्या लाखो परक्या चेहऱ्यांवरून एक संभाव्य चेहरा रचला आणि त्याखाली आपण बापूंचे नाव छापणार होतो. दस्तऐवजातील फाटलेल्या जागी आपल्या कल्पनेने मजकूर घालून ती खरी नक्कल म्हणून दाखल करणाऱ्याला न्यायालय काय म्हणेल? ज्या माणसाने निजामाच्या राजवटीत तुरुंग भोगला, त्याची या जगात उरलेली एवढीच आकृती, आणि ती आम्ही एका स्कॅनच्या आळसापायी बदलून टाकणार होतो. फुलांच्या जाहिरातीत, सजावटीच्या पार्श्वभूमीत हे तंत्र वापरावे, माझी हरकत नाही. ज्याचे नाव खाली छापावयाचे आहे त्या मनुष्याच्या चेहऱ्याला ते लावणे हा माझ्या मते खोटा पुरावा आहे, आणि या शब्दांत मी काहीही कमी करणार नाही.

म्हणून माझी मागणी ही आहे, आणि ती मी प्रत्येक संपादकाकडे, प्रत्येक समितीकडे आणि माझ्या व्यवसायबंधूंकडेही करीत आहे. छायाचित्र मागण्यापूर्वी ते पानावर किती इंच रुंद छापावयाचे हे ठरवा आणि मागणीच्या पत्रातच लिहा. इंचांना कागदाच्या मानाने ३०० ने किंवा २०० ने गुणा, कडेपर्यंत जाणारे चित्र असेल तर चारी बाजूंना कापणीसाठी अष्टमांश इंच वाढवा, आणि तेवढे पिक्सेल नसतील तर चित्र लहान छापा. दीड इंचाचा खरा चेहरा चार इंचांच्या बनावट चेहऱ्याहून शतपटीने मोलाचा आहे. जुने छायाचित्र मोबाइलने टिपू नका. ते मागून आणा, सपाट स्कॅनरवर ठेवा, आणि ज्या पटीने वाढवावयाचे त्या पटीने ३०० ला गुणून तेवढ्यावर स्कॅन करा. मूळ छायाचित्र सही घेऊन आणा आणि सही घेऊन परत करा. मुद्रकानेही ‘होऊन जाईल’ हा शब्द सोडावा. अपुरे चित्र आले तर छापण्याआधी ते परत पाठविणे हे त्याचे कर्तव्य आहे, मग गिऱ्हाईक रागावून शेजारच्या दुकानात गेले तरी चालेल.

त्या बाईंकडून मी तो पासपोर्ट फोटो मागून घेतला. निवृत्तिवेतनाच्या कागदांच्या पिशवीतून, प्लॅस्टिकच्या घडीतून तो निघाला. १२०० वर स्कॅन केल्यावर सुमारे १६५० बाय २१२५ पिक्सेल हाती आले. म्हणजे साडेपाच बाय सात इंचांपर्यंत जाता आले असते. पण ज्या कागदावर तो फोटो धुतला गेला होता त्यातच तेवढा तपशील नव्हता, म्हणून मी तो अडीच इंचांवर ठेवला. चेहरा किंचित मऊ आला, कडेला एक ओरखडा आला, तो मी तसाच राहू दिला. नवे मुद्रित घेऊन पुन्हा गेलो, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी उजव्या भुवईच्या वरच्या बाजूला बोट ठेवले. तेथे एक जुना व्रण होता, बोटाच्या पेराएवढा. आदल्या लखलखीत चेहऱ्यातून यंत्राने तो डाग समजून पुसून टाकला होता.